मागीलदारचा मांगर

गेल्या मार्चमधली गोष्ट. फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी दोन दिवसांसाठी गेलो होतो. सकाळी चहा पीत सोप्यावर बसलो होतो, तेवढ्यात मागच्या बाजूने हाक आली. आमच्या भाटात राहणाऱ्या मुंडकाराची सून दारात उभी होती. तिच्या तीन पिढ्या या भाटात गेल्या, तरी ती पुढच्या दारी आली नाही. मागीलदारी आली आणि न्हाणीजवळच्या पायरीवर बसली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"बाब, मांगराचें पाखें पडलां. पावसाआदीं बांदूंक जाय. पंचायतींत भाटकाराची सही मागतात."

सही मागण्यासारखे त्यात काय आहे, असे मला आधी वाटले. पडलेले छप्पर पुन्हा घालायचे, एवढाच मामला. पण तिने सर्वे प्लॅनची प्रत समोर पसरली आणि त्यातला नखाएवढा चौकोन दाखवला, तेव्हा लक्षात आले की प्रश्न छपराचा नव्हता. तो चौकोन कुणाचा, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना मी पुढचे काही महिने कागदांत बुडालो. हा लेख त्यातून आला.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्याकडे देशावरच्यासारखी गावठाणात दाटीने बसलेली घरे नाहीत. घरे वाड्यावाड्यांत, माडांच्या भाटांत विखुरलेली. प्रत्येक घराला पुढचे अंगण आणि मागीलदार. पुढे तुळशीवृंदावन, सोपो, पाहुण्यांची उठबस. मागे विहीर, न्हाणी, भात उकडायची चूल, लाकडांची खोप, गुरांचा गोठा, कोंबड्यांचे खुराडे, आणि जरा लांब मांगर. मांगर म्हणजे नारळ, सुके गवत, नांगर-जू ठेवायची जागा. काजूच्या बागेत असेल तर हंगामात तिथेच भट्टी लागते. चिऱ्याच्या किंवा मातीच्या अर्ध्या भिंती, वर चुडतांचे किंवा नळ्यांचे छप्पर. घराचे फोटो काढायला येणारे लोक पुढून काढतात. गोव्याच्या घरांवर निघालेल्या देखण्या पुस्तकांतही दिवाणखाने, खिडक्यांचे शिंपले आणि बाल्कांव असतात, गोठा क्वचितच दिसतो. पण घराचे पोट मागीलदारी भरत असे. बायकांचे आणि कामकरी माणसांचे बहुतेक आयुष्य तिथेच गेले.

घराच्या आवारात काय असावे आणि काय नसावे हे सरकार कधीपासून ठरवू लागले? बांधकाम परवाने ही अलीकडची गोष्ट, असे आपण धरून चालतो. पण गोव्यात सत्तेचा हात अंगणापर्यंत फार पूर्वीच पोहोचला होता. 14 एप्रिल 1736 रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला. बाटलेल्या लोकांनी जुन्या कोणत्या चालीरीती सोडाव्यात याची लांबलचक यादी त्यात होती. तुळस घरात, अंगणात, बागेत कुठेही लावू नये, असेल तर उपटून टाकावी, असेही त्यात बजावले होते. प्रियोळकरांनी 1961 साली इन्क्विझिशनवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यामुळे हा जाहीरनामा आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. धर्माच्या दृष्टीने त्याची चर्चा पुष्कळ झाली. मला त्यात दुसरी गोष्टही दिसते. राज्यकर्त्याने माणसाच्या खाजगी अंगणातल्या दोन हात उंचीच्या बांधकामाकडे बोट दाखवले आणि हे चालणार नाही म्हटले. सासष्टी-बार्देशात आजही कित्येक ख्रिस्ती घरांपुढे चौथऱ्यावर खुरीस उभा असतो. चौथऱ्याची घडण बघितली तर वृंदावनाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. हुकूम पाळला गेला, पण अंगणातली जागा रिकामी राहिली नाही.

फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. तो त्याच शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीत आला. त्यामुळे आमच्या तुळशीला त्या जाहीरनाम्याची झळ लागली नाही. आमच्या मागीलदारी कायदा आला तो वेगळ्या वाटेने, पागोळ्यांच्या वाटेने.

पोर्तुगालचा 1867 सालचा नागरी कायदा 1 जुलै 1870 पासून गोव्यात लागू झाला. वारसा आणि लग्नाच्या संपत्तीसाठी आपण अजून त्याचेच नाव घेतो. पण त्यात शेजारधर्माचेही नियम होते. शेजाऱ्याच्या जमिनीवर थेट उघडणारी खिडकी काढायची तर दीड मीटर अंतर सोडावे. छप्पर असे घालावे की पागोळ्या शेजाऱ्याच्या जमिनीत पडू नयेत. दुसरा उपाय नसेल तर हद्दीपासून निदान अर्धा मीटर आत राहावे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या मुलखात या अर्ध्या मीटरचे मोल वेगळे सांगायला नको. आमच्या आजोबांच्या पेटीत शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाचे कागद आहेत. भांडण गोठ्याच्या पाख्याचे. गोठा आमचा, पागोळ्या त्यांच्या परसात. मिटवताना आजोबांनी पाखे दोन वीत कापले. लहानपणी आम्हाला त्या बाजूचे छप्पर आखूड का, ते कधी कळले नाही.

हा कायदा समान मालकांमधला होता. दोन भाटकारांमध्ये अर्धा मीटर मोजला जाई. भाटकार आणि मुंडकार यांच्यात मोजायला काही नव्हते, कारण सगळी जमीन एकाचीच. मुंडकार म्हणजे भाटकाराने आपल्या भाटात घर करून राहू दिलेला माणूस. त्याने माडांची राखण करावी, पाडेली आला की नारळ गोळा करावेत, सणावारी घरच्या कामाला हातभार लावावा. भाडे बहुधा नसे. आणि जिथे भाडे नाही तिथे पावतीही नाही. घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलेले असले तरी जमीन धन्याची, आणि धन्याने सांगितले तर उठावे लागे. चुडतांचे छप्पर दर वर्षी नवे घालायचे म्हणजे दर वर्षी धन्याची माडाची चुडते मागायची. परवानगी हीच असायची, तोंडी, आणि दर पावसाळ्याआधी नव्याने.

आमच्या घराचा जुना दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आहे. एका वकील मित्राकडून तो वाचून घेतला. चारी दिशांच्या हद्दी तपशीलवार आहेत. ओहोळ, पायवाट, शेजाऱ्याचे नाव. घराच्या खोल्यांचा उल्लेख आहे, विहिरीचा आहे. मग शेवटी एक शब्द येतो, 'आनेक्सुश'. म्हणजे जोडलेल्या वास्तू. गोठा, खोप, न्हाणी, मांगर, आणि मुंडकाराची झोपडी सुद्धा बहुतेक त्याच शब्दात. एका शब्दात सगळे मागीलदार आटोपले. लिहिणाऱ्या नोटरीचा त्यात काही वाईट हेतू असेल असे नाही. त्याला जे मौल्यवान वाटले ते त्याने मोजले, उरलेले एकत्र बांधले. पुढच्या सगळ्या भानगडी त्या गाठोड्यातून निघाल्या.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1962 मध्ये पंचायती आल्या. बांधकामाची परवानगी द्यायचा अधिकार गावातल्या निवडून आलेल्या माणसांकडे गेला, ही लहान गोष्ट नव्हती. 1968 चा जमीन महसूल कायदा झाला आणि त्यानंतर जमिनींची नवी मोजणी झाली. एक-चौदाचा उतारा आणि सर्वे प्लॅन हे शब्द त्यातून आपल्या घराघरांत शिरले. मोजणीदार आले तेव्हा आमचे वडील तिशीत होते. ते सांगायचे, मोजणीदार दुपारच्या उन्हात भाटातून फिरले, साखळ्या टाकल्या, जे उभे दिसले त्याची आकृती काढली. नावे मात्र सोप्यावर बसून लिहिली. चहा आमच्याकडे, माहिती आमच्याकडची. कब्जेदार म्हणून आमच्या आजोबांचे नाव लागले. मुंडकाराचे घर 'इतर हक्क' या रकान्यात आले. मांगराची आकृती प्लॅनवर आली, पण उताऱ्यात त्याच्यापुढे कुणाचेच नाव नाही.

या पार्श्वभूमीवर 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा वाचावा. तो 12 मार्च 1976 पासून अमलात आला. शशिकलाताई काकोडकर तेव्हा मुख्यमंत्री होत्या. मुंडकाराला घराबाहेर काढता येणार नाही आणि त्याला घर विकत घेण्याचा हक्क आहे, हे त्याचे दोन मुख्य खांब सर्वांना माहीत आहेत. मी तो पहिल्यांदा नीट वाचला तो या मांगराच्या निमित्ताने, आणि व्याख्येपाशी थबकलो. 'राहते घर' म्हणजे काय हे सांगताना कायदा भिंतीपाशी थांबत नाही. पंचायत क्षेत्रात घराच्या बाहेरच्या भिंतीपासून पाच मीटरपर्यंतची, इतरत्र दोन मीटरपर्यंतची लगतची जमीन त्यात धरतो. किंवा मुंडकाराच्या इच्छेनुसार पंचायत क्षेत्रात एकूण 300 चौरस मीटर, इतरत्र 200. आणि गोठा, डुकरांची जागा, कोंबड्यांचे खुराडे, कामाची शेड यांचीही तो दखल घेतो.

नोटरीने जे एका शब्दात बांधले होते ते इथे कायद्याने सोडून वेगवेगळे मांडले. ज्याने कुणी हा मसुदा लिहिला त्याला मागीलदार माहीत होते. गरिबाचे घर चार भिंतींत मावत नाही, गाय आणि कोंबडी बाहेर असते आणि तिच्यावर घर चालते, हे त्याला ठाऊक होते. आपल्या विधानसभेच्या इतिहासात मोठमोठी भाषणे झाली असतील. मला त्या कायद्यातले खुराडे अधिक महत्त्वाचे वाटते.

पण कायदा लिहिणे वेगळे आणि मामलेदाराच्या कचेरीत तो मिळवणे वेगळे. आमच्या मुंडकाराने ऐंशीच्या दशकात घर विकत घेण्यासाठी अर्ज केला. त्याला पाच मीटर आणि 300 चौरस मीटर यांत निवड करता येत होती. निवड कुणी समजावून सांगितली? आमच्या आजोबांनीच. त्यांनी पाच मीटर सुचवले. म्हाताऱ्याने धन्याच्या शब्दावर अंगठा दिला. मांगर घरापासून साडेसात मीटरवर आहे.

आजोबा दुष्ट नव्हते, हे लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. गावात त्यांना मान होता. मुंडकाराच्या मुलाच्या शाळेची फी त्यांनी भरली होती. मांगरात अर्ध्या भागात आमचे नारळ पडलेले असत, हेही खरे. पण उरलेल्या अर्ध्या भागात तिच्या सासऱ्याची म्हैस बांधलेली असे, आणि पावसाळ्यात पाखे शाकारायचे ते त्यानेच. मांगर भाटाचा की घराचा? कायद्याच्या पुस्तकात त्याला उत्तर निघाले असते. प्रश्न कचेरीपर्यंत पोहोचलाच नाही, कारण तो विचारू शकणाऱ्या माणसाला प्रश्न असतो हेच माहीत नव्हते, आणि ज्यांना माहीत होते ते आम्ही होतो.

त्यानंतर नियमांचे थर चढत गेले. नगरनियोजन कायदा 1974 चा. प्रादेशिक आराखडा 2001 हा 1986 मध्ये आला आणि गोव्याचा नकाशा रंगांत वाटला गेला. वस्तीचा रंग वेगळा, बागायतीचा वेगळा, शेतीचा वेगळा. भाटातल्या घरांची त्यात पंचाईत झाली. माड आहेत म्हणून बागायत म्हणावे, तर खाली तीन पिढ्यांची वस्ती. पुढचा 2011 चा आराखडा जनआंदोलनामुळे जानेवारी 2007 मध्ये सरकारला मागे घ्यावा लागला, ते बहुतेकांना आठवत असेल. मग 2021 चा आराखडा. 1994 च्या पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खाली बांधकामाला आधी पंचायतीची लेखी परवानगी लागते. 2010 पासून बांधकाम नियमावली आहे. त्यात हद्दीपासून सोडायचे अंतर, कुंपणाच्या भिंतीची उंची सगळे बसवलेले आहे. शेतघर बांधायचे तर किमान 4000 चौरस मीटर जमीन हवी.

हे नियम वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. ते नसते तर उरलेली भाटे आणि डोंगर कधीच गेले असते, आणि नियम असूनही जाताना आपण पाहतो आहोत. 2023 मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) आणून आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करायची वाट काढली गेली आणि तिने मोठमोठ्या जमिनींचे रंग बदलले. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. त्याच महिन्यात न्यायालयाने रस्त्याकडेच्या आणि शेतातल्या बेकायदा बांधकामांवर कारवाईचे आदेश दिले, आणि गावोगाव लोक जुने कागद शोधू लागले. आमच्या मुंडकाराची सून पिशवी घेऊन आली ती याच दिवसांत. पंचायतीने सरसकट सगळ्यांना सांगितले होते, पडलेले बांधायचे तर आधी कागद दाखवा.

कायदेशीर करून देणारे कायदेही आहेत. 2016 च्या कायद्याने 28 फेब्रुवारी 2014 पूर्वीच्या अनधिकृत बांधकामांना दार उघडले. 2025 च्या ऑगस्टमध्ये विधानसभेने सरकारी आणि कोमुनिदादच्या जमिनीवरच्या घरांसाठी दुरुस्त्या मंजूर केल्या, मुंडकार कायद्यातही बदल केले. 1972 पूर्वीच्या, मोजणीच्या नकाशावर दिसणाऱ्या घरांना मान्यता देण्याचेही ठरले. हे सगळे वाचताना मी एकच गोष्ट शोधत होतो. जिथे तिथे शब्द 'घर' आहे. अर्ज घराचा, दाखला घराचा, घोषणाही घराच्या. गोठ्याचा आणि मांगराचा माणूस पुन्हा 1975 च्या त्या व्याख्येकडेच परत येतो.

आता माझ्या सहीबद्दल. मी त्याच दिवशी सही केली. त्यात औदार्य काही नव्हते. उशीर झाला होता, एवढेच. पण माझ्या सहीने काम होत नाही, हे मला पंचायतीच्या सचिवांनी समजावून सांगितले. आजोबांनंतर भाटाची वाटणी झालेली नाही. आपल्याकडच्या नागरी कायद्याप्रमाणे मुलगे-मुली सारखे वारस, आणि लग्नानंतर संपत्ती दोघांची, म्हणून जोडीदाराचीही सही लागते. माझ्या पिढीत असे सतरा जण निघाले. काही पणजीत, काही मुंबईत, दोघे लिस्बनला. ज्या कायद्याचे आम्ही मुलींच्या समान हक्कासाठी कौतुक करतो, त्याच कायद्याने एका मांगरासाठी सतरा दारे ठोठवायला लावली.

मी फोन केले. बहुतेकांना मांगर आठवला. एकीला तिथे लपंडाव खेळताना चावलेला विंचू आठवला. एका चुलतभावाने मात्र सरळ विचारले, सही दिली तर ती जागा आपली राहील का? मी म्हटले, नाही. तो म्हणाला, मग भाटाचा आजचा भाव तुला माहीत आहे का? मला माहीत होता. मी त्याला साडेसात मीटरची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, विचार करतो.

हे लिहीत असताना बारा सह्या झाल्या आहेत. एका वकिलाच्या सल्ल्याने तिने मामलेदाराकडे स्वतंत्र अर्जही केला आहे, मांगर तिच्या राहत्या घराचाच भाग होता असे सांगणारा. त्याला जोडायला मी एक निवेदन लिहून दिले. म्हैस कोणत्या बाजूला बांधत, छप्पर कोण शाकारीत असे आणि पाच मीटर कुणी सुचवले, एवढे तीनच मुद्दे त्यात आहेत. तिसरा मुद्दा लिहिताना वडील असते तर काय म्हणाले असते, हा विचार मनात आला. पण मोजणीच्या दिवशी सोप्यावर जे सांगितले गेले ते आमच्या घराने सांगितले होते. मग उरलेलेही आमच्याच घराने सांगायला हवे.

पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच आला. सह्या व्हायच्या होत्या, म्हणून तिने मांगरावर निळे प्लास्टिक ओढले आणि चिऱ्यांनी दाबले. जूनमध्ये मी पुन्हा गेलो, तेव्हा आत लाकडे कोरडी होती. ती मागीलदारीच भेटली. मी तिला म्हटले, पुढच्या वेळी पुढच्या दाराने ये. ती हसली आणि म्हणाली, "पुडल्या दारांत कितें आसा, बाब? कागद सगळे हांगाच आसात."